संगणकाच्या दप्तराची किल्ली कोणाकडे?

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करीत असताना तेथील आवक-जावक शाखेत एक चमत्कारिक प्रकार घडला. कार्यालयात नवे संगणक नुकतेच दाखल झाले होते. पत्रांची नोंद ठेवणारा एक प्रोग्राम खाजगी पुरवठादाराकडून पूर्वीच घेतलेला होता. तो नव्या संगणकावर बसविण्यात आला. सकाळी एक लिपिक आणि दुपारनंतर दुसऱ्या लिपिक बाई, असे दोघे एकाच संगणकावर परंतु आपापल्या नावाने व परवलीच्या शब्दाने नोंदी करीत असत. दीडएक महिन्याने वरिष्ठ कार्यालयाकडून विचारणा आली की, एकाच जावक क्रमांकाची दोन निरनिराळी पत्रे आपणाकडून प्राप्त झाली आहेत, याचा खुलासा व्हावा.

तपासणी करता असे क्रमांक एक-दोन नव्हे, अनेक निघाले. लिपिकांनी केलेल्या नोंदी बाईंना दिसत नव्हत्या आणि बाईंच्या नोंदी लिपिकांना दिसत नव्हत्या. जावकचे सारे काम आपल्याच वाट्याला येते, अशी दोघांचीही इतके दिवस समजूत होती! "साहेब, रोजची नोंद मी रोज केली आहे. मागाहून कोणी पुसली असेल तर मला ठाऊक नाही," असे बाई म्हणाल्या. लिपिकांचेही म्हणणे तेच. दोघांकडून लेखी खुलासे घेण्यात आले. ज्यांच्या नोकरीत कधी ठपका आला नव्हता, अशी ही दोन माणसे काही दिवस एकमेकांकडे संशयाने पाहत होती.

वस्तुतः कोणीही काहीही पुसले नव्हते. साऱ्या नोंदी संगणकात सुखरूप होत्या, मात्र दोन वेगवेगळ्या वह्यांत होत्या. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमने हे परस्पर केले होते, आणि तेही एका चांगल्या हेतूने. हा हेतू कोणता व त्याचा फटका निरपराध माणसांना का बसला, हे समजून घेतल्यास आज आपल्या कार्यालयांत, शाळांत आणि खिशातील मोबाइल फोनमध्येही घडणाऱ्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा पुढील विवेचन तंत्रज्ञासाठी नसून, तंत्रज्ञाने सांगितलेल्या उपायावर ज्यांना सही करावी लागते त्यांच्यासाठी आहे.

अभिलेख कक्षाचा नियम

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, ही संगणकाची कारभारी होय. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही तिचीच नावे. पडदा, कळफलक, साठवण, इंटरनेट या सर्वांचा ताबा तिच्याकडे असतो. आपण जी पत्रे लिहितो, हिशेब करतो किंवा पगारपत्रके काढतो, ती कामे करणारे प्रोग्राम बहुधा दुसऱ्याच कोणीतरी तयार केलेले असतात. कार्यप्रणाली बनविणारी संस्था एक, संगणकाचा मालक दुसरा आणि हे प्रोग्राम करणारा तिसरा. हा तिसरा म्हणजेच आपल्या भाषेतील तिऱ्हाईत.

या तिऱ्हाइताच्या प्रोग्रामने कोणत्या फाइलला हात लावावा, कोणती नुसती वाचावी आणि कोठे मुळीच जाऊ नये, हे ठरविणाऱ्या नियमांस प्रवेश-नियंत्रण म्हणतात. आपल्या अभिलेख कक्षाची व्यवस्था डोळ्यांसमोर आणली म्हणजे हे चटकन लक्षात येईल. कक्षाची किल्ली अभिलेखापालाकडे असते. अन्य शाखेच्या लिपिकास एखादी संचिका हवी असेल तर तो मागणीपत्र देतो, आणि अभिलेखापाल ती एकच संचिका काढून देतो. रजिस्टरांची बांधणी करण्यासाठी बाहेरून कारागीर बोलाविला, तर त्याला बांधणीची रजिस्टरे बाहेरच्या टेबलावर आणून देतात. पूर्ण कक्षाची किल्ली त्याच्या हाती देऊन कोणी घरी जात नाही.

संगणकाच्या बाबतीत मात्र अनेक वर्षे नेमके तेच होत होते.

सर्वांनाच किल्ली

मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ९५ ही कार्यप्रणाली १९९५ मध्ये आली. घरगुती संगणक म्हणजे एका माणसाचे यंत्र, या कल्पनेवर ती उभी होती. संगणकावर बसलेला माणूस आणि त्याने चालविलेला प्रत्येक प्रोग्राम यंत्रातील कोणतीही फाइल बदलू शके. वास्तविक त्याच कंपनीची विंडोज एनटी ही दुसरी कार्यप्रणाली १९९३ पासून उपलब्ध होती आणि तिच्यात प्रत्येक फाइलगणिक कोणास कोणता अधिकार याची यादी ठेवण्याची उत्तम सोय होती. पुढे २००१ साली विंडोज एक्सपी बाजारात आली, तेव्हा एनटीची ही घडण घरोघरी पोहोचली. कुलपे आली, परंतु संगणक बसविताना जी खाती उघडली जात, ती सर्व पूर्ण अधिकाराची म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरची असत. थोडक्यात, कपाटाला कुलूप लावून किल्ली कपाटालाच अडकवून ठेवण्याचा हा प्रकार होता.

याचा परिणाम प्रोग्राम करणाऱ्यांच्या सवयींवर झाला. आपल्याला सर्वत्र मोकळीक आहे असे गृहीत धरूनच ते प्रोग्राम लिहू लागले. प्रोग्रामच्या मूळ फाइली ठेवण्यासाठी विंडोजमध्ये 'प्रोग्राम फाइल्स' नावाचा कप्पा असतो. तो केवळ प्रोग्राम बसविताना उघडावा आणि रोजची माहिती अन्यत्र ठेवावी, असा संकेत होता. तो पाळण्याची सक्ती नव्हती, म्हणून पुष्कळांनी पाळला नाही. आमचा आवक-जावकचा प्रोग्राम त्यांपैकीच एक. त्याची नोंदवही त्याच्या स्वतःच्या कप्प्यातच ठेवलेली होती. साध्या, मर्यादित अधिकाराच्या खात्यावरून असे प्रोग्राम चालत नसत. म्हणून कार्यालये सर्वांनाच ॲडमिनिस्ट्रेटर करीत, आणि सर्वच ॲडमिनिस्ट्रेटर असल्यामुळे प्रोग्राम करणाऱ्यांना आपली चूक कधी कळत नसे. एखादा व्हायरस शिरला तर त्यालाही तेच पूर्ण अधिकार आयते मिळत, हे ओघानेच आले.

व्हिस्टाचा प्रयोग

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी उपलब्ध झाली. तिच्यात हे दुष्टचक्र तोडण्याचा निर्धार केलेला होता. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून प्रवेश केलेल्या माणसाचेही रोजचे प्रोग्राम साध्या अधिकारानेच चालत. एखाद्या प्रोग्रामला अधिक अधिकार लागला की पडदा काळवंडून "यास परवानगी आहे काय?" अशी विचारणा होई. या योजनेस 'यूझर अकाउंट कंट्रोल' असे नाव होते.

लोक त्रासून गेले. वृत्तपत्रांतून आणि जाहिरातींतून व्हिस्टाची थट्टा झाली. तथापि या त्रासामागे एक हिशेब होता. २००८ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका सुरक्षाविषयक परिषदेत मायक्रोसॉफ्टचे अधिकारी डेव्हिड क्रॉस यांनी तो उघडपणे सांगितला. विचारणांनी वापरणारा त्रासावा, त्याने तक्रार प्रोग्राम करणाऱ्याकडे न्यावी आणि त्याने आपला प्रोग्राम सुधारावा, असा त्याचा आशय होता. सार्वजनिक व्यवहारात असे कबूल करणारा अधिकारी विरळाच! पण हिशेब अगदीच चुकला नाही. अशी विचारणा करणारे निरनिराळे प्रोग्राम व कामे व्हिस्टाच्या आरंभीच्या महिन्यांत ७,७५,३१२ होती. ती ऑगस्ट २००८ पर्यंत १,६८,१४९ वर आली, असे खुद्द कंपनीनेच नंतर प्रसिद्ध केले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये या विचारणा पुष्कळ कमी करण्यात आल्या.

प्रश्न होता तो जुन्या प्रोग्रामांचा. ज्यांचा कर्ता व्यवसाय सोडून गेला आहे किंवा सुधारणेचे पैसे मागतो आहे, असे लक्षावधी प्रोग्राम जगभर चालू होते. ते एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून व्हिस्टामध्ये एक युक्ती योजण्यात आली. जुन्या धर्तीचा प्रोग्राम निषिद्ध कप्प्यात लिहू लागला तर त्यास नकार द्यावयाचा नाही, पण लिहिलेली फाइल मात्र मूळ जागी न ठेवता त्या त्या वापरणाऱ्याच्या खाजगी कप्प्यात गुपचूप वळवावयाची. पुढे तोच माणूस तोच प्रोग्राम उघडील तेव्हा त्याला ती खाजगी प्रतच दाखवावयाची. प्रोग्रामला वाटते आपण मूळ वहीत लिहितो आहोत, आणि मूळ वही मात्र कोरीच राहते.

एकट्या माणसाच्या संगणकावर या युक्तीने काही बिघडत नाही. एकाच यंत्रावर दोघे दोन नावांनी काम करू लागले की प्रत्येकाची वही निराळी होते. आमच्या कार्यालयातील विंडोज ७ च्या संगणकावर हेच झाले होते. नियम करणाऱ्याने सुरक्षितता पाहिली, प्रोग्राम करणाऱ्याने जुनी सवय सोडली नाही, आणि खुलासा द्यावा लागला तो दोघा लिपिकांना.

मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरलाही या नियमांची झळ पोहोचली, याची नोंद येथे केली पाहिजे. अशी पुष्कळ सॉफ्टवेअरे आपण दाबलेली कळ वाटेतच अडवून तिच्या जागी मराठी अक्षर पाठवितात. व्हिस्टापासून असा नियम झाला की, कमी अधिकाराच्या प्रोग्रामने अधिक अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत कळा पाठवू नयेत किंवा तेथील कळा पाहू नयेत. नियम योग्यच आहे, कारण परवलीचे शब्द चोरणारे प्रोग्रामही कळाच अडवितात. मात्र त्यामुळे एका खिडकीत मराठी उमटते आणि शेजारच्या ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत तेच सॉफ्टवेअर मुके होते, असा अनुभव येतो. दोष कळफलकाचा समजून कळफलक बदलल्याची उदाहरणेही आहेत. ज्या जुन्या सॉफ्टवेअरला संगणकाच्या पाठीमागे लॉक लावावे लागे, त्यांचीही अडचण झाली. चौसष्ट बिटांच्या व्हिस्टापासून अशा उपकरणाच्या ड्रायव्हरवर अधिकृत डिजिटल सही असल्याखेरीज विंडोज त्याला आत घेईना.

सोपा उपाय आणि त्याची किंमत

आमच्या आवक-जावकची हकीकत येथे संपली नाही. पुरवठादाराचा माणूस आला. त्याने दहा मिनिटांत दोघांनाही ॲडमिनिस्ट्रेटर केले आणि यूझर अकाउंट कंट्रोल साफ बंद करून टाकले. "भाऊसाहेब, आता काही अडचण येणार नाही," असे सांगून तो गेला. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडला तो नोंदवही कोरी! संरक्षण बंद होताच फाइल वळविण्याची युक्तीही बंद झाली होती. प्रोग्राम आता खरोखरीच्या मूळ वहीकडे पाहत होता, आणि ती तर बसविल्याच्या दिवसापासून रिकामीच होती.

पुढे आणखी जाणत्या माणसाने दोन्ही खाजगी प्रती शोधून काढल्या. त्या समोर ठेवून, दुबार क्रमांकांना 'अ' जोडून, एक वही तयार करण्यात आठवडा गेला. दोघांचे खुलासे दप्तरी दाखल करण्यात आले. दरम्यान पेन ड्राइव्हमधून आलेल्या एका व्हायरसने ते यंत्र निकामी केले, आणि ते मोकळ्या सोडलेल्या अधिकारामुळेच, असे त्या जाणत्याचे मत पडले. त्याने केलेला खरा उपाय अगदी लहान होता. नोंदवहीचा तेवढा एक कप्पा दोघा लिपिकांना लिहिण्यासाठी खुला केला, बाकी साऱ्या यंत्रावर दोघांचीही खाती साधीच ठेवली आणि संरक्षण पुन्हा चालू केले. हे काम अर्ध्या तासाचे होते. त्यासाठी फक्त प्रोग्राम आपली माहिती कोठे ठेवतो हे ठाऊक असावे लागते, आणि नेमके तेच पुरवठादाराने कधी लेखी दिलेले नव्हते.

लिनक्स या कार्यप्रणालीचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, डिसेंबर २००० मध्ये 'एसई-लिनक्स' नावाची अत्यंत कडक नियंत्रणव्यवस्था सर्वांना खुली केली. तिच्यात प्रत्येक फाइलवर आणि चालू प्रोग्रामवर एक चिठ्ठी असते, आणि कोणत्या चिठ्ठीच्या प्रोग्रामने कोणत्या चिठ्ठीच्या फाइलला हात लावावा हे आधीच लिहून ठेवलेले असते. लिनक्समध्ये 'रूट' या खात्याला सर्वाधिकार असतात, पण त्या नावाने चालणारा प्रोग्रामही या नियमांतून सुटत नाही. २००४ च्या मे महिन्यात फेडोराच्या दुसऱ्या आवृत्तीत ही व्यवस्था सरसकट सर्व प्रोग्रामांना लागू होईल अशा कडक नियमांसह आली. बाहेरून आलेल्या प्रोग्रामांचे मार्ग नियमात लिहिलेले नसल्याने ते अडू लागले. अखेर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत इंटरनेटशी थेट संबंध येणाऱ्या निवडक प्रोग्रामांपुरतेच बंधन ठेवून बाकीच्यांना मोकळे सोडण्यात आले. तरीही "एसई-लिनक्स बंद करा" हा सल्ला पुढे कित्येक वर्षे बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या सूचनापत्रकांत पहिल्या क्रमांकाने छापला जात असे. बहुतेक प्रसंगी एका फाइलची चिठ्ठी दुरुस्त केली असती तरी भागले असते. गंमत अशी की, २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून हीच व्यवस्था अँड्रॉइड फोनमध्ये पूर्णांशाने लागू आहे, आणि ती कोणाला बंद करता येत नाही म्हणूनच तिची कोणी तक्रारही करीत नाही!

गाभाऱ्यात तिऱ्हाईत

कार्यप्रणालीचा अगदी आतला भाग म्हणजे तिचा गाभा. बाहेरच्या भागात चालणारा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. गाभ्यात चालणारा चुकला तर सारा संगणक थांबतो, कारण गाभ्यातील दोषाने माहितीचीच नासाडी होऊ नये म्हणून कार्यप्रणाली स्वतःहून यंत्र थांबविते. व्हायरसपासून संरक्षण करणारे बाहेरचे सॉफ्टवेअर मात्र परंपरेने याच गाभ्यात बसत आले. प्रत्येक फाइल उघडताना ती पाहावयाची, यंत्र सुरू होताच इतर सर्वांच्या आधी जागे व्हावयाचे, तर तेथेच बसले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

विंडोजच्या चौसष्ट बिटांच्या आवृत्त्यांत २००५ पासून गाभ्यात फेरफार करण्यास मनाई करणारे संरक्षण आले. व्हिस्टाच्या तोंडावर, म्हणजे २००६ मध्ये, त्यावरून मोठा वाद पेटला. सिमँटेक आणि मॅकॅफी या संरक्षण-सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांनी तक्रार केली की, या मनाईने चोरांबरोबर पहारेकरीही बाहेर राहतात. मॅकॅफीने तर लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली. युरोपीय आयोगाचेही या प्रकरणी लक्ष होते. ही तक्रार केवळ स्वार्थाची म्हणून सोडून देता येत नाही. नियम करणारी कंपनी स्वतःही संरक्षणाचे सॉफ्टवेअर देत होती, आणि पंचानेच खेळात उतरावयाचे ठरविले तर इतर खेळाडूंनी नियमांकडे संशयाने पाहावे हे स्वाभाविक होय. अखेर मायक्रोसॉफ्टने बाहेरच्यांसाठी गाभ्याशी व्यवहार करण्याचे काही अधिकृत मार्ग देण्याचे मान्य केले. २००९ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरला ज्या सोयी त्याच प्रतिस्पर्ध्यांना देण्याचे आश्वासनही तिने युरोपीय आयोगास दिले.

या मोकळिकीची दुसरी बाजू १९ जुलै २०२४ रोजी दिसली. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचे 'फाल्कन' नावाचे संरक्षण-सॉफ्टवेअर गाभ्यात बसून काम करते. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी त्यासाठी माहितीची एक छोटी फाइल जगभर रवाना झाली. प्रोग्रामला वीस मूल्ये पुरविलेली असताना तो या फाइलीच्या सांगण्यावरून एकविसावे वाचू गेला. जे नव्हतेच ते वाचताना तो कोसळला, आणि गाभ्यात असल्यामुळे त्याने साऱ्या यंत्राला बरोबर नेले. चूक लक्षात येऊन ती फाइल मागे घेतली गेली तेव्हा १० वाजून ५७ मिनिटे झाली होती. या अठ्ठ्याहत्तर मिनिटांत सुमारे ८५ लक्ष संगणक निळ्या पडद्यावर थांबले. जगातील एकूण विंडोज संगणकांच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. पण हे एक टक्का संगणक विमानतळांवर, रुग्णालयांत आणि बँकांत होते. आपल्याकडेही विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास दिले. देशातील दहा बँका व वित्तीय संस्थांना किरकोळ अडथळा आला, असे रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी कळविले. दुरुस्ती अवघड नव्हती. एक फाइल काढून टाकावयाची होती. पण जे यंत्र सुरूच होत नाही त्याला दुरून सूचना देता येत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी एकेका यंत्रासमोर माणूस बसवावा लागला.

त्या दिवशी ॲपलच्या मॅक संगणकांना या फाइलीची बाधा झाली नाही, कारण ती विंडोजसाठीच होती. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ॲपलने २०१९ पासून बाहेरच्या संरक्षण-सॉफ्टवेअरला गाभ्याबाहेर राहून पहारा करण्याची सोय दिली होती आणि आतले दार क्रमाक्रमाने बंद करीत आणले होते. मायक्रोसॉफ्टनेही जून २०२५ मध्ये तशीच सोय निवडक कंपन्यांना चाचणीसाठी देण्याचे जाहीर केले. त्या आधी, २००९ च्या आश्वासनामुळे आपले हात बांधलेले होते, असे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे पडले, तर सुरक्षेची रचना ठरविण्यास कंपनी मोकळीच आहे, असे आयोगाने उत्तर दिले. प्रस्तुत लेखकास वाटते की, पहारेकऱ्याला बाहेरून पाहण्याची खिडकी खरोखर पुरेशी मोठी असेल, आणि नियम करणारी कंपनी स्वतःच्या पहारेकऱ्यालाही त्याच खिडकीशी उभे करणार असेल, तर आतले दार बंद होण्यास हरकत नसावी. यांतील दुसरी अट पहिलीपेक्षा कठीण आहे.

खिशातील दप्तर

हे सारे संगणकापुरते आहे, असे मात्र नाही. अँड्रॉइड फोनवर २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत ॲप घेतानाच त्याच्या साऱ्या मागण्या एकगठ्ठा मान्य कराव्या लागत. नको असेल तर ॲपच घेऊ नये! सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, संपर्कयादी, ठावठिकाणा यांसाठी वापराच्या वेळी स्वतंत्र परवानगी मागणे आले, आणि दिलेली परवानगी मागाहून काढून घेण्याची सोयही आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये गूगलने आणखी पुढे जाऊन असे ठरविले की, लघुसंदेश आणि कॉलच्या नोंदी वाचण्याची मुभा मुख्यतः ज्यांचे कामच संदेश पाठविणे किंवा फोन लावणे आहे अशाच ॲपना राहील. संदेशांची प्रत जपून ठेवणारी, कॉलचा हिशेब ठेवणारी अनेक प्रामाणिक ॲप त्यामुळे अडचणीत आली. काहींनी सवलत मिळविली, काहींनी ती सोय काढून टाकली. लहान प्रोग्रामकर्त्यांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर दूरदेशीच्या एका निर्णयाने पाणी पडावे, याची हळहळ वाटते.

पण दुसरीकडे पाहू जाता झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचे प्रकरण आठवते. काही हजारांच्या कर्जासाठी घेतलेले ॲप फोनमधील संपूर्ण संपर्कयादी आणि छायाचित्रे उचलीत असे, आणि हप्ता चुकला की कर्जदाराच्या नातलगांना, शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना बदनामीचे संदेश जात. गावात तोंड दाखविण्याची सोय राहू नये, हाच त्यामागील उद्देश. अशा छळाला कंटाळून माणसांनी जीव दिल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या मार्गदर्शक सूचनांद्वारे कर्जाच्या ॲपना संपर्कयादी, कॉलच्या नोंदी आणि फोनमधील फाइली यांपासून दूर राहण्यास बजावले. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून आपल्या दुकानातील कर्जविषयक ॲपना संपर्क व छायाचित्रे पाहण्यास मनाई केली. अर्थात, हा नियम त्या दुकानापुरता आहे. कोणीतरी पाठविलेल्या दुव्यावरून थेट उतरविलेल्या ॲपला दुकानाचा नियम लागत नाही. तेथे फक्त फोनची विचारणा आणि आपले बोट एवढेच उरते. ग्रामसभेत किंवा पालकसभेत हा विषय निघाल्यास फोनच्या सेटिंगमधील 'परमिशन' हे पान उघडून दाखवावे. कोणत्या ॲपला संपर्कयादी दिलेली आहे ते तेथे नावानिशी दिसते व तेथूनच ती काढूनही घेता येते.

नवे यंत्र, जुना प्रोग्राम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार संपुष्टात आला. त्यामुळे अनेक कार्यालयांत व शाळांत नवे संगणक येत आहेत, आणि त्यांवर जुने प्रोग्राम पुन्हा बसविले जात आहेत. हीच वेळ पुरवठादारास काही गोष्टी लेखी विचारण्याची आहे. प्रोग्राम आपली माहिती नेमकी कोणत्या कप्प्यात ठेवतो? रोजच्या कामासाठी त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो काय, आणि लागत असल्यास कोणत्या कामासाठी? तो बसविताना संरक्षणाची कोणती व्यवस्था बंद करावी लागणार आहे? शेवटच्या प्रश्नास "सगळी" असे उत्तर आल्यास देयक मंजूर करण्याची घाई करू नये.

प्रात्यक्षिक दाखविताना पुरवठादाराचा माणूस नेहमी पूर्ण अधिकाराच्या खात्यावरून दाखवितो, आणि तेथे सर्व काही सुरळीत चालते. ते पाहून झाल्यावर साध्या अधिकाराची दोन खाती उघडावीत. एका खात्यावरून एक नोंद करून बाहेर पडावे आणि दुसऱ्या खात्यावरून तीच नोंद उघडून पाहावी. ती दिसली नाही तर प्रोग्राम तेथल्या तेथे परत करावा. या चाचणीस दहा मिनिटे लागतात. आमच्या शाखेत ती कोणी केली नव्हती.